बालगंधर्व आणि आपण बायका



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हसलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि भिशीचा हिशेब यापलीकडे लेखणीशी माझा संबंध नाही. पण वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आपण ‘एकच प्याला’ नाटकातला एक प्रवेश बसवला आहे आणि त्यातली सिंधू माझ्या वाट्याला आली आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. ती सिंधू पहिल्यांदा ज्यांनी उभी केली, त्यांच्याविषयी मी गेले तीन महिने वाचनालयातून पुस्तके आणून वाचते आहे. दुपारची भांडी आवरली की तासभर वाचन, हा नेम झाला आहे. तेव्हा लिहायचे तर त्यांच्याविषयीच लिहावे असे ठरवले. चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

बालगंधर्वांचे नाव माझ्या कानांवर प्रथम पडले ते आमच्या आजेसासूबाईंकडून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. लहानपणी वडिलांबरोबर त्यांनी गंधर्व मंडळीचे एक नाटक पाहिले होते, आणि त्या एका रात्रीच्या आठवणीवर त्या उरलेले सारे आयुष्य खूष होत्या. मी स्वयंपाकघरात पदर खोचून उभी राहिले की त्या मला हटकायच्या आणि पदर कसा घ्यावा, मान किती लववावी, बसताना लुगड्याचा घोळ कसा सावरावा हे शिकवायच्या. हे सगळे कुठून शिकलात असे विचारले की त्या बालगंधर्वांचे नाव घेत. मला मोठा अचंबा वाटे. बायकांनी पदर कसा घ्यावा हे एका पुरुषाकडून शिकायचे, हे काय भलतेच! पण त्या काळी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत अगदी हेच झाले होते, हे मला पुढे वाचनातून कळले.

त्यांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. घराणे आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची. आवाज मात्र लहानपणापासून असा गोड, की दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे तो गायला आणि लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले. तेच नाव पुढे जन्मभर त्याला चिकटले. केस पांढरे झाले, पायांनी दगा दिला, तरी लोकांच्या लेखी ते बालगंधर्वच राहिले. जळगावला असताना मेहबूबखान यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे झाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू लाभला.

आता आपल्या गावाचा संबंध सांगते, कारण तो आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. नारायणाचा एक कान बिघडलेला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले आणि कानाच्या औषधपाण्यासाठी त्याला मिरजेच्या मिशन दवाखान्यात पाठवले. त्याच दवाखान्यात आपणही सासूसासऱ्यांना घेऊन केसपेपरच्या रांगेत बसलो आहोत! त्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळी मोठ्या विवंचनेत होती. त्यांचे नामांकित नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि नायिकेच्या पार्टासाठी तसा गळा पुन्हा मिळत नव्हता. १९०५ साली मिरजेतच नारायण या मंडळीत दाखल झाला आणि ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतला होऊन प्रेक्षकांसमोर आला. चालणे, बोलणे, बघणे हे सारे देवल मास्तरांनी त्याच्याकडून घोटून घेतले. ‘शारदा’ नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल ते हेच. आपल्या गावातल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे, ते उगीच नव्हे.

आणि गंमत पाहा, ज्या १९०५ साली एक मुलगा आपल्या गावात शकुंतला झाला, त्याच साली याच मिरजेत एक मुलगी जन्मली. तिचे नाव हिराबाई बडोदेकर. तिची गोष्ट पुढे येणार आहे, तोवर हे नाव ध्यानात असू द्यावे.

त्या काळी घरंदाज बाईने रंगभूमीवर पाय ठेवणे म्हणजे कुळाला बट्टा. बायकांच्या काही निराळ्या नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांची कामेही बायकाच करीत. परंतु त्या बायकांना समाजात मान नव्हता. मोठ्या मंडळ्यांतून स्त्रीपार्ट पुरुषांनीच करायचे, अशी रीत होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनाही तारामतीसाठी बाई मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी लुगडे नेसवले. तेव्हा नारायणरावांनी लुगडे नेसले यात कुणाला वावगे वाटले नाही. नवल एवढेच, की त्यांनी ते असे नेसले की बायकांनी त्यांच्याकडे पाहून आपले नेसणे सुधारले.

आता १२ मार्च १९११ या दिवसाविषयी लिहिते. माझ्या मनात हा दिवस काट्यासारखा रुतून बसला आहे. त्या रात्री मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग लागला होता. गोविंदराव टेंबे यांनी चाली बांधल्या होत्या, सगळ्या शहरात बोलबाला झाला होता. आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असा विचार निघाला. नारायणरावांनी तो मानला नाही. इतके लोक तिकिटे काढून आले आहेत, त्यांना परत कसे पाठवायचे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी तोंडाला रंग लावला, दागिने घातले आणि धनिकाची ती मानी, हट्टी मुलगी भामिनी होऊन ते रात्रभर हसले, रुसले, गायले. नाटक अफाट गाजले.

ही हकीकत प्रत्येक पुस्तकात आहे आणि सगळीकडे ती नारायणरावांच्या थोरवीची म्हणून सांगितलेली आहे. थोरवी तर आहेच, ती मी कोण नाकारणार? पण वाचताना मला राहून राहून दुसऱ्याच कुणाची आठवण येत होती. त्या मुलीला आईही होती. लक्ष्मीबाई तिचे नाव. नाटकगृहात टाळ्या पडत होत्या, पदांना वन्समोअर मिळत होते, त्या वेळी ती माउली काय करीत असेल? तिच्यापुढे पडदा वर गेला नाही की खाली आला नाही.

हे मी ऐकीव बुद्धीने लिहीत नाही. आपल्यापैकी जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे की माझी पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. २००३ सालची गोष्ट. आमच्या यांचा टेंपो आहे. हळदीचे भाडे आधीपासून ठरलेले होते, तिसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन कोल्हापूरला गेले. मी भिंतीकडे तोंड करून निजले होते. टेंपो सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला आणि तो आवाज मी पुढे कितीतरी वर्षे विसरले नाही. भांडले नाही, बोलले नाही, पण मनात एक गाठ बसली ती बसलीच. पुढे दोन मुलगे झाले, घर हसतेखेळते झाले, तरी ती गाठ जागची हलली नाही.

‘मानापमान’ची हकीकत वाचली त्या रात्री मी जेवताना यांना ती सांगितली. म्हणाले तर सहजच, म्हणाले तर मुद्दाम. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताटावरून उठताना एवढेच सांगितले, की त्या दिवशी अंकलीच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली होती आणि तासभर तशीच उभी ठेवली होती. माल उशिरा पोहोचला म्हणून बोलणी खाल्ली, पण कारण कुणाला सांगितले नाही. वीस वर्षे हे मला माहीत नव्हते. नारायणराव त्या रात्री दोन अंकांच्या मध्ये विंगेत जाऊन कसे बसले असतील, ते मग माझ्या डोळ्यांपुढे आले. तरीसुद्धा लक्ष्मीबाईंची बाजू मी सोडलेली नाही, हेही सांगून ठेवते.

असो. चरित्र पुढे न्यायला हवे.

१९१३ साली नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. मग काही वर्षे असे वैभव नांदले की आज ते खरे वाटू नये. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवांच्या चाली आणि नारायणरावांची रुक्मिणी. लोक गाड्या जोडून, सोबत भाकऱ्या बांधून नाटकाला यायचे. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चाले, कारण एकेक पद चारचारदा म्हणावे लागे. साथीला ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. असे मोठे कलावंत एका नाटक मंडळीच्या पगारावर होते.

खोटे काही त्यांना चालत नसे. शालू खरा, जरी खरी, अत्तरसुद्धा उंची. आजेसासूबाई सांगत, की नाटकगृहात बायकांच्या निराळ्या जागेत बसलेल्या लेकीसुना गाण्याइकतेच लुगड्याकडे टक लावून बघत असत. नाकातली नथ, अंबाड्यावरचा गजरा, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला शेला हे सारे त्या डोळ्यांत साठवून घरी नेत. दुसऱ्या दिवशी आळीतल्या आळीत त्याची उजळणी चाले. मला वाटते, आपल्या बायकांना आरशात स्वतःकडे कौतुकाने पाहायला या माणसाने शिकवले. एरवी तेव्हाच्या सासुरवाशिणीला आरशापुढे उभे राहायला तरी कोण देत होते?

आणि एवढा शालूंचा शौकीन माणूस ‘एकच प्याला’मध्ये ठिगळे लावलेले लुगडे नेसून उभा राहिला! राम गणेश गडकरी हे नाटक लिहून २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्यांनी आपल्या या नाटकाचा प्रयोग पाहिला नाही. महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, बडोद्यास पहिला प्रयोग झाला. सुधाकर झाले गणपतराव बोडस. सुधाकर हुशार वकील, पण अपमानाच्या भरात पहिला प्याला घेतो आणि पुढे त्यातून सुटत नाही. त्याची बायको सिंधू श्रीमंत बापाची लेक. पण नवऱ्याला सोडून माहेरी जात नाही, लोकांची दळणे दळून पोट भरते. जात्याशी बसलेली ती सिंधू पाहून नाटकगृहातल्या बायका पदराने डोळे पुसत. आजेसासूबाईंनी लहानपणी पाहिलेले नाटक हेच. त्यांच्या स्वतःच्या घरी रोज पहाटे जाते फिरत होते, पण जाते ओढणाऱ्या आईकडे आपण नीट पाहिले ते त्या रात्रीनंतर, असे त्या सांगत.

सिंधूविषयी माझे मत मात्र त्यांच्याहून निराळे आहे. तालमीच्या वेळीही मी ते बोलून दाखवले आणि आपल्यापैकी काहीजणींना ते रुचले नाही. इतके सोसणारी बाई पाहून बायका रडल्या, पुरुषही रडले. पण घरी गेल्यावर किती पुरुषांनी प्याला सोडला असेल कोण जाणे. आपल्याच गल्लीत दोन घरे अशी आहेत, नावे घेत नाही. तिथल्या सिंधूंना मंडळाने मशीन मिळवून दिले, शिवणकाम शिकवले. जात्यापेक्षा मशीन बरे. तरी त्या प्रवेशाला मी उभी राहते आहे, कारण मान खाली घालून दळणारी बाई आतून मोडलेली नसते, हे बालगंधर्वांनी दाखवले असे जुने लोक सांगतात आणि तेवढे तरी माझ्या हातून घडावे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एक आगळा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘मानापमान’ केले. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि नारायणराव भामिनी. तिकिटांचे दर आकाशाला भिडले तरी नाटकगृह तुडुंब भरले. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, गेले. 

इकडे गंधर्व मंडळीचा डोलारा आतून पोकळ होत चालला होता. भागीदार एकेक करून निघून गेले होते. ‘द्रौपदी’च्या थाटामाटावर पैसा पाण्यासारखा गेला. नारायणरावांना हिशेब म्हणून कळत नसे. कर्जाचा आकडा लाखांच्या घरात गेला. आपण एका बचतगटाची वही चार डोळ्यांनी तपासतो, आणि येथे एवढ्या मोठ्या मंडळीची वही कुणी पाहतच नव्हते! कुणी सुचवले की हात वर करावेत आणि मोकळे व्हावे. नारायणरावांनी ते ऐकले नाही. सगळे कर्ज आपल्या अंगावर घेतले आणि पुढची काही वर्षे गाऊन गाऊन ते फेडले. संसार करणाऱ्या बाईला यातले पहिले वागणे मुळीच पटणार नाही आणि दुसऱ्यापुढे मात्र तिने हात जोडावेत.

मघाशी जे नाव ध्यानात ठेवायला सांगितले, त्या हिराबाई बडोदेकर आता मोठ्या झाल्या होत्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ही मुलगी. आपल्या मीरासाहेबांच्या उरुसात ज्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, तेच हे खाँसाहेब. १९२९ साली हिराबाईंनी भावंडांना घेऊन स्वतःची नाटक मंडळी उभी केली. तिच्यात पुरुषांची कामे पुरुषांनी आणि स्त्रियांची स्त्रियांनी करायची, असा दंडक ठेवला. त्या स्वतः ‘सौभद्रा’तली सुभद्रा झाल्या. १९३२ साली प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. चांगल्या घरची शिकलेली सून, आणि समोर राजा हरिश्चंद्र म्हणून तेच गोविंदराव टेंबे, ज्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या होत्या. लोकांनी नाके मुरडली, पण पाहायला मात्र रांगा लागल्या. साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत यायला अवघी एकोणीस वर्षे लागली.

बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. १९३४ साली नारायणरावांनी मंडळी बंद केली आणि तेही प्रभातमध्ये गेले. १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले. जन्मभर रुक्मिणी आणि सिंधू झालेला माणूस पुरुष म्हणून पडद्यावर आला. लोकांना ते फारसे रुचले नाही. मी तो चित्रपट मुलाकडून मोबाईलवर लावून घेतला आणि थोडा पाहिला. माझ्या मनात आले, समोर प्रेक्षक नसताना हे कुणासाठी गात असतील? नाटकात पद रंगले की लोक पुन्हा मागत, यंत्र काही मागत नाही. नारायणराव तिथे रमले नाहीत. ते परत रंगभूमीवर आले, पण तोवर वय पन्नाशीला टेकले होते.

त्यानंतर त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूरकडच्या बिळगीच्या या गायिका. चित्रपटात गाणाऱ्या अमीरबाई कर्नाटकी त्यांची बहीण. बालगंधर्वांची पदे ऐकून ऐकून गोहरबाईंनी त्यांची गायकी अशी गळ्यात उतरवली होती, की ऐकणारा चकित व्हावा. आता नायिकेचे काम गोहरबाई करू लागल्या आणि नारायणराव नायकाचे. ज्या जागेवर तीस वर्षे ते स्वतः उभे होते, ती त्यांनी एका बाईला दिली. दोघे एकत्र राहू लागले आणि लोकांनी गोहरबाईंना फार दूषणे दिली. धर्माने मुसलमान, धंद्याने गाणारी, मग काय विचारता! आमच्या आजेसासूबाईसुद्धा त्यांचे नाव निघाले की तोंड फिरवीत. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. त्यांच्या मनाला काय वाटले असेल हे बाईमाणसाला सांगावे लागत नाही, आणि म्हणून गोहरबाईंवर माझाही आधी रागच होता. पण पुढचे वाचले तसा तो ओसरला. १९५२च्या सुमारास नारायणरावांचे पाय अधू झाले. पैसा राहिला नव्हता, मित्र पांगले होते. मुंबईत माहीमच्या बिऱ्हाडात त्यांचे उठणे-बसणे, औषधपाणी, खाणेपिणे गोहरबाईंनी पाहिले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा म्हणजे काय, हे आपल्यापैकी जिने केली असेल तिलाच कळेल. त्यात टाळ्या नसतात. गोहरबाई १९६४ साली त्यांच्या आधी गेल्या.

सरकारने १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान दिला आणि १९६४ साली पद्मभूषण. १९५५ सालीच नारायणराव शेवटचे रंगभूमीवर उभे राहिले, ते सिंधू होऊन. वय सदुसष्ट. तरी ज्यांनी पाहिले त्यांच्या डोळ्यांना तीच जुनी सिंधू दिसली असेल. उतारवयात भजने गात, भेटेल त्याला देवा म्हणून हाक मारीत. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसवली होती. ते उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. पाहायला ते नव्हते.

मागे आपल्या मंडळाची सहल पुण्याला गेली होती, तेव्हा त्या रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रे आपण पाहिली. एकात ते पुरुषवेषात आणि दुसऱ्यात स्त्रीवेषात. आपण साऱ्याजणी दुसऱ्यापुढेच घोळका करून उभ्या राहिलो होतो आणि लुगड्याच्या काठाची चर्चा करीत होतो, आठवते ना? पहिल्या चित्रापुढे कुणीच नव्हते. पुन्हा कधी गेलो तर मी त्यापुढे जरा वेळ उभी राहणार आहे.

आता कार्यक्रमाविषयी दोन शब्द, कारण छापखान्यात मजकूर उद्याच द्यायचा आहे. जाते मिळाले आहे. आमच्या माळ्यावर आजेसासूबाईंचे होते, तेच यांनी आणि धाकट्या मुलाने खाली काढले. खुंटा सैल झाला होता, तो सुताराकडून घट्ट करून घेतला. पाळू इतकी जड आहे की नाट्यगृहाच्या पायऱ्या चढवायला चार माणसे लागतील. यांनी टेंपो आणण्याचे कबूल केले आहे आणि भाडे घेणार नाहीत. जात्यात घालायला खरे दाणे घ्यावेत की नुसतेच फिरवावे यावर तालमीत वाद झाला होता. मी खरी ज्वारी आणणार आहे. लुगड्याला ठिगळे मी स्वतः लावली आहेत.

सुधाकराचे काम समोरच्या वाड्यातल्या काकू करणार आहेत. धोतर त्यांना छान नेसता येते, पण मिशी काही केल्या टिकत नाही. काल वाक्य म्हणता म्हणता अर्धी मिशी ओठावरून सुटून गालावर गेली आणि सिंधू ऐन दुःखात असताना फसकन हसली. कुणाकडे मिशी चिकटवण्याचा चांगला डिंक असल्यास कृपा करून शुक्रवारच्या तालमीला घेऊन यावा.